कठड्याच्या उंचीवरचे तोंड : गॉडस्टोन येथील २००९ च्या ई. कोलाय उद्रेकाचा प्रकरण अभ्यास

इंग्लंडच्या आग्नेय भागातील सरे काउंटीत गॉडस्टोन हे गाव आहे. तेथे मुलांना शेळ्या-मेंढ्यांजवळ जाऊन त्यांना हात लावता येईल, असे एक मोठे पेटिंग फार्म आहे. २००९ च्या उन्हाळ्यात या फार्मला भेट देऊन आलेल्या कुटुंबांत ई. कोलाय ओ१५७ या जंतूची लागण पसरली. तपास संपला तेव्हा एकूण ९३ जणांची नोंद झाली होती आणि त्यांतली ७६ दहा वर्षांखालील मुले होती. मृत्यू एकही झाला नाही, परंतु १७ जणांना हीमोलायटिक युरेमिक सिंड्रोम, म्हणजे तांबड्या रक्तपेशी फुटून मूत्रपिंडे बंद पडू लागण्याचा गंभीर विकार जडला, काहींना डायलिसिसवर ठेवावे लागले आणि काही मुलांच्या मूत्रपिंडांना कायमची इजा झाली. पेटिंग फार्मशी निगडित असा एवढा मोठा उद्रेक ब्रिटनमध्ये त्यापूर्वी झालेला नव्हता.

प्रकरण अभ्यासासाठी ही घटना निवडण्याचे कारण तिच्या आकड्यांत नाही. त्या उन्हाळ्यात तेथे कोणी काही जगावेगळे केले नव्हते. जनावरे आजारी नव्हती. मुले जे करायला आली होती तेच करत होती, म्हणजे कठड्याला टेकून कोकरांना हात लावत होती. हात धुण्याबद्दल त्या काळी अशा फार्मसाठी अधिकृत मार्गदर्शनही उपलब्ध होते. असे असूनही लागण पाच आठवड्यांच्या आसपास चालू राहिली. ती का चालू राहिली, हा या लेखाचा विषय आहे. माझ्या मते त्याचे उत्तर दोन ठिकाणी सापडते : एक गोठ्याच्या रचनेत आणि दुसरे निर्णयाच्या तारखांत.

जनावर ठणठणीत, विष्ठा घातक

ई. कोलाय हा माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात एरवी निमूटपणे राहणारा जंतू आहे. त्याच्या असंख्य प्रकारांपैकी ओ१५७ हा प्रकार रोगकारक म्हणून १९८२ मध्ये अमेरिकेत प्रथम ओळखला गेला, तोही अर्धवट शिजलेल्या गोमांसाच्या निमित्ताने. त्यामुळे पुढची अनेक वर्षे हा ‘खाण्यातून होणारा’ आजार अशीच त्याची ख्याती राहिली. प्रत्यक्षात त्याचे मूळ घर म्हणजे रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे आतडे. गाय, मेंढी आणि शेळी या तिघींच्याही आतड्यात तो सुखाने नांदतो आणि त्यांना काहीही होत नाही.

हे ‘काहीही न होणे’ नीट समजून घ्यायला हवे. ओ१५७ जे विष तयार करतो ते शिगा विष म्हणून ओळखले जाते. ते पेशीत शिरण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरील जीबी३ नावाच्या रेणूला चिकटते. माणसाच्या, त्यातही लहान मुलांच्या, मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर हा रेणू विपुल असतो, तर गुरांच्या आतड्यातील रक्तवाहिन्यांवर तो आढळत नाही. म्हणून जे विष मुलाला डायलिसिसपर्यंत नेते त्याची वासराला जाणीवही होत नाही. पशुवैद्याने रोज सकाळी प्रत्येक जनावर तपासले, त्याचे तापमान घेतले, चारा खाते की नाही ते पाहिले, तरी या जंतूचा मागमूस लागणार नाही. शेतकऱ्याचा ‘माझी जनावरे निरोगी आहेत’ हा दावा शंभर टक्के खरा असू शकतो आणि त्याचा या धोक्याशी काडीचाही संबंध नसतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. गुरांमध्ये हा जंतू आतड्याच्या अगदी शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये, गुदद्वाराच्या लगेच आत, दाटीने वस्ती करतो. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या शेणाच्या पृष्ठभागावर तो लेपासारखा चढतो. शिवाय तो सतत बाहेर पडत नाही. काही आठवडे पडतो, मग थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. कळपातील बहुतेक जनावरे थोडे जंतू टाकतात, तर एखाद-दुसरे जनावर एका ग्रॅम विष्ठेत दहा हजारांहून अधिक जंतू टाकते. माणसाला आजारी पाडण्यासाठी शंभराहून कमी जंतू पुरतात. हिशेब मांडला तर अशा जनावराच्या विष्ठेचा एका ग्रॅमचा शंभरावा भाग, म्हणजे मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढा कण, एका मुलासाठी पुरेसा ठरतो. एवढा कण लोकरीत अडकतो, बुटाच्या खाचेत बसतो, आणि कठड्याच्या लाकडावर वाळला की लाकडाच्याच रंगाचा दिसतो.

आजाराची चाल

गॉडस्टोन येथील उद्रेक उशिरा का उमगला हे कळण्यासाठी आजाराची चाल माहीत असणे आवश्यक आहे. जंतू पोटात गेल्यानंतर साधारण तीन ते चार दिवस काहीच होत नाही. हा अवधी एक दिवसाइतका कमी किंवा दहा दिवसांइतका लांबही असू शकतो. मग पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात आणि एक-दोन दिवसांत पुष्कळ मुलांच्या शौचात रक्त दिसू लागते. ताप बहुधा नसतो किंवा अगदी किरकोळ असतो. त्यामुळे पालकांचाच नव्हे, तर कधीकधी डॉक्टरांचाही अंदाज चुकतो, कारण जंतुसंसर्ग म्हटला की ताप हवाच, ही समजूत खोलवर रुजलेली असते.

धोक्याचा टप्पा याच्यापुढे येतो, आणि तो फसवा असतो. जुलाब सुरू होऊन साधारण आठवडा होत आला की ते कमी होऊ लागतात आणि घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण याच सुमारास काही मुले पांढुरकी दिसू लागतात, मलूल होतात, त्यांच्या अंगावर बारीक लाल-जांभळे ठिपके उठतात आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे लघवी कमी होते. लंगोट बराच वेळ कोरडा राहिला, ही बाब जुलाब झालेल्या बाळाच्या बाबतीत पालक शरीरातले पाणी कमी झाल्याच्या खात्यावर टाकतात. ती मूत्रपिंडे मंदावल्याची खूणही असू शकते. विषाने मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा केलेली असते, तेथे बारीक गुठळ्या होतात, त्यांतून वाट काढताना तांबड्या पेशी फुटतात आणि प्लेटलेट खर्ची पडतात. सामान्यतः ओ१५७ ची बाधा झालेल्या मुलांपैकी दहात एकाच्या आसपास मुलांमध्ये आजार या टप्प्यापर्यंत जातो. गॉडस्टोनमध्ये लक्षणे असलेले रुग्ण ७८ होते आणि त्यांतले १७ येथवर पोहोचले. हे प्रमाण पाचात एकाहून जास्त आहे. रुग्णांचे वय आणि जंतूची जात या दोन्हींचा त्यात वाटा असणार.

या आजारावर जंतूला मारणारा उपाय नाही, हे वाचकाला विचित्र वाटेल. प्रतिजैविके दिल्याने विषाचे प्रमाण वाढून मूत्रपिंडांचा धोका वाढण्याची शक्यता असते, म्हणून ती टाळली जातात, आणि जुलाब थांबवणारी औषधेही याच कारणाने देत नाहीत. शिरेतून द्रव, रक्ताच्या वारंवार चाचण्या, गरज पडल्यास रक्त आणि डायलिसिस, एवढेच वैद्यकाच्या हाती राहते. म्हणजे लागण झाल्यावर करता येण्याजोगे थोडे आहे, आणि साहजिकच सगळा भार लागण होऊ न देण्यावर येतो.

दिवसांचा हिशेब

पहिल्या रुग्णांना लागण झाली ती ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. इंग्लंडमधील शाळांना तेव्हा उन्हाळी सुट्टी असते आणि अशा फार्मचा तोच भर हंगाम. लागण झालेली मुले संध्याकाळी आपापल्या गावी परतली. तीन-चार दिवसांनी पोट बिघडले, आणखी दोन-तीन दिवसांनी पालकांनी डॉक्टर गाठले, मग शौचाचा नमुना प्रयोगशाळेत गेला, तेथे जंतू वाढायला एक-दोन दिवस लागले, त्याचा प्रकार पक्का करण्यासाठी तो संदर्भ प्रयोगशाळेत गेला आणि त्यात आणखी काही दिवस गेले. ही सगळी साखळी सुरळीत चालली तरी सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या टेबलावर येणारी बातमी आठ-दहा दिवसांपूर्वीच्या भेटीची असते.

त्यात रुग्ण विखुरलेले असतात. एका डॉक्टरकडे एक मूल, दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे दुसरे. फार्मच्या मालकाला तर काहीच दिसत नाही, कारण त्याच्याकडून बाहेर पडणारा प्रत्येक पाहुणा हसतमुखाने बाहेर पडतो. या उद्रेकातील लागणीचा दर अगदी शिगेला होता तेव्हाही तो हजार पाहुण्यांमागे सहा होता. म्हणजे हजारांपैकी ९९४ जणांना काहीही झाले नाही. हा आकडा मला या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो, कारण ‘इतकी वर्षे इतके लोक येतात, कधी काही झाले नाही’ हा अनुभवाचा पुरावा अशा प्रमाणापुढे का कुचकामी ठरतो, ते त्यावरून कळते. पण दिवसाला हजार माणसे येत असतील तर हाच दर दिवसाला सहा रुग्ण असा वाचावा लागतो. मग प्रत्येक दिवसाच्या दिरंगाईला किंमत येते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आरोग्य संरक्षण संस्थेच्या, म्हणजे तेव्हाच्या हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीच्या, स्थानिक पथकाकडे या फार्मशी नाते सांगणाऱ्या रुग्णांची खबर पोहोचू लागली. त्यापाठोपाठ ३१ ऑगस्टच्या सोमवारची बँक हॉलिडे होती, म्हणजे सलग सुट्टीचा आणि गर्दीचा आठवडाअखेर. याच वेळी जनावरांशी होणारा संपर्क थांबवला असता तर उद्रेक लहान राहिला असता. तसे झाले नाही. निर्बंध टप्प्याटप्प्याने आले आणि फार्म पूर्णपणे बंद झाले ते १२ सप्टेंबरला.

येथे थोडे थांबून निर्णय घेणाऱ्यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. हातात दोन-चार रुग्ण, त्यांची भेट फार्मला झालेली, पण त्याच मुलांनी त्याच आठवड्यात इतर ठिकाणीही काहीबाही खाल्लेले, पोहलेले, खेळलेले. नाते सिद्ध झालेले नाही. अशा वेळी भर हंगामात एखाद्याचा धंदा बंद करायचा, आणि नंतर कारण भलतेच निघाले तर? ही भीती खरी असते, आणि कोणत्याही देशातील आरोग्य अधिकाऱ्याला ती ओळखीची असेल. परंतु या भीतीपोटी एक मधला मार्ग नजरेआड झाला. फार्म चालू ठेवूनही रवंथ करणाऱ्या जनावरांपासून पाहुण्यांना दूर ठेवता येते. बाग, खेळण्याची जागा, सगळे काही उघडे राहू शकते. या मार्गासाठी पुराव्याची वाट पाहण्याची गरज नव्हती, कारण त्याची किंमत फार कमी होती. पूर्ण बंदी आणि हात धुण्याची पाटी या दोन टोकांमध्ये पुष्कळ जागा असते.

गोठ्याकडे बोट

रुग्ण आणि निरोगी पाहुणे यांची तुलना करणारा अभ्यास पुढे झाला तेव्हा तीन गोष्टी ठळकपणे समोर आल्या. आजारी पडलेले लोक फार्मवरील एका विशिष्ट गोठ्यात गेलेले असण्याची शक्यता जास्त होती. ते तेथे जास्त वेळ रेंगाळले होते. आणि ते फार्मवर क्वचित येणारे होते, वरचेवर येणारे नव्हते.

पहिल्या मुद्द्याला प्रयोगशाळेने दुजोरा दिला. रुग्णांमध्ये सापडलेला जंतू फाज प्रकार २१/२८ या जातीचा होता (फाज म्हणजे जंतूंवर हल्ला करणारे विषाणू; कोणते फाज कोणत्या जंतूवर चालतात यावरून अशा पोटजाती ओळखतात) आणि त्याच्या जनुकीय आराखड्याचा अंकांत मांडलेला ठसा जनावरांच्या विष्ठेत व आसपासच्या वस्तूंवर सापडलेल्या जंतूच्या ठशाशी तंतोतंत जुळला. असे जुळणारे नमुने बहुतांशी त्याच गोठ्यातले होते. त्यामुळे ‘फार्मवर जाऊन आलेले लोक आजारी पडले’ या मोघम वाक्याची जागा ‘या छपराखाली उभे राहिलेले लोक आजारी पडले’ या नेमक्या वाक्याने घेतली.

दुसऱ्या मुद्द्यात नवल नाही, पण त्यातून कळणारी गोष्ट महत्त्वाची आहे. धोका जर फक्त ‘जनावराला हात लावला की नाही’ यावर ठरत असता, तर वेळेला एवढे महत्त्व राहिले नसते, कारण हात एकदाच लागायचा असतो. वेळेगणिक धोका वाढतो, याचा अर्थ परिसरच माखलेला आहे. दोन वर्षांचे मूल गोठ्यात काय करते ते जवळून पाहिले तर हे लगेच पटते. कठड्याची मधली आडवी पट्टी नेमकी त्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. ते दोन्ही हातांनी ती पट्टी धरते, हनुवटी टेकते, आणि कोकरू पुढे सरकले की उत्साहाने पट्टीलाच ओठ लावते. त्याच पट्टीला थोड्या वेळापूर्वी शेळीने अंग घासलेले असते. चोखणी पेंढ्यात पडते, आई ती स्वतःच्या कोटाला पुसून परत तोंडात देते. बाबागाडीची चाके गोठ्यातून फिरून जेवणाच्या बाकापर्यंत जातात आणि गाडीत बसलेले बाळ चाकाला हात लावते. यांपैकी एकाही कृतीत ‘जनावराला हात लावणे’ घडलेले नाही. या उद्रेकात लागणीचा दर सर्वांत जास्त होता तो दोन वर्षांखालील मुलांत, हजारामागे १६. जी बाळे स्वतःहून जनावराकडे फारशी जाऊही शकत नाहीत त्यांच्यात तो सर्वाधिक असावा, ही गोष्ट परिसराच्या बाजूनेच साक्ष देते.

तिसरा मुद्दा, क्वचित येणाऱ्यांचा, थोडा अनपेक्षित आहे. वरचेवर येणाऱ्यांचा जंतूशी संबंध जास्त वेळा येणार, मग धोकाही जास्त असायला हवा, असे वाटते. घडले उलटे. एक शक्यता अशी की वारंवार थोड्या प्रमाणात संबंध आल्याने शरीरात काही प्रतिकारशक्ती तयार होत असावी. गुरांमध्ये राहणाऱ्या लोकांबद्दल असा कयास पूर्वीपासून आहे. दुसरी शक्यता अगदी साधी आहे. ज्याने गोठा दहादा पाहिला आहे तो अकराव्या वेळी तेथे अर्धा तास थांबत नाही, तो घसरगुंडीकडे जातो. पण कारण कोणतेही असले, तरी पहिल्यांदाच येणारे कुटुंब, जे सर्वांत उत्सुक आणि सर्वांत अनभिज्ञ असते, तेच सर्वांत उघड्यावर असते, ही बाब उरतेच.

हात धुण्याची मर्यादा

हात धुणे निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. २००० साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मुलांच्या भेटीसाठी खुल्या असलेल्या एका दुग्धशेतात असाच उद्रेक झाला होता. तेथे ५१ जण आजारी पडले, आठांना मूत्रपिंडांचा विकार झाला, आणि तपासलेल्या २१६ गुरांपैकी २८ गुरांमध्ये ओ१५७ सापडला. तेथील अभ्यासात हात धुणाऱ्यांना संरक्षण मिळाल्याचे दिसले, तर नखे खाणाऱ्या मुलांना धोका जास्त होता. चार वर्षांनी नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या जत्रेत १०८ जणांना लागण झाली आणि १५ जणांमध्ये मूत्रपिंडांचा विकार उद्भवला. तेथे मात्र अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर वापरल्याने बचाव झाल्याचे आढळले नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या त्या म्हणजे विष्ठेशी आलेला संपर्क आणि लहान मुलांचे तोंडात हात किंवा वस्तू घालणे. २००५ मध्ये त्या राज्याने जनावरांशी थेट संपर्क असणाऱ्या प्रदर्शनांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण दोघांचाही रोख एकाच ठिकाणी आहे. हात धुण्याला एक स्थळ आणि एक वेळ असते. ते स्थळ गोठ्याबाहेर असते आणि ती वेळ बाहेर पडल्यानंतरची असते. मुलाचा अंगठा तोंडात जातो तो गोठ्याच्या आत. बेसिनपर्यंत पोहोचेपर्यंत जे पोटात गेले ते साबणाने निघत नाही. सॅनिटायझरची अडचण आणखी वेगळी आहे. ज्या हातावर माती, लाळ किंवा विष्ठेचा थर आहे त्या हातावर अल्कोहोल जंतूपर्यंत नीट पोहोचत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा कोकरे-वासरांपासून मुलांना जुलाब लावणारा परजीवी तर असा आहे की त्याच्या कवचावर अल्कोहोलचा परिणाम होत नाही आणि पोहण्याच्या तलावातले क्लोरीनही तो पचवतो. वाहते पाणी, साबण आणि पुसायला कागद, या क्रमाला पर्याय नाही. प्रवेशद्वारावर भिंतीला लावलेली सॅनिटायझरची बाटली पाहुण्यांना दिलासा देते, आणि नेमका तोच तिचा दोष आहे.

गॉडस्टोनच्या काळात ब्रिटनमधील अशा फार्मसाठी असलेल्या मार्गदर्शनाचा मुख्य भर हात धुण्यावरच होता. उद्रेकानंतर प्राध्यापक जॉर्ज ग्रिफिन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल जून २०१० मध्ये आला. गोठ्याच्या मांडणीमुळे पाहुण्यांचा जनावरांच्या विष्ठेशी मोठ्या प्रमाणावर संपर्क येत होता, असे समितीला आढळले. निर्णायक कारवाई वेळेत करून उद्रेक आटोक्यात ठेवण्याची संधी दवडली गेली, असेही तिने म्हटले, आणि आरोग्य संरक्षण संस्थेने झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली. वृत्तपत्रांनी उचलला तो हा दुसरा भाग. मला पहिला अधिक मोलाचा वाटतो. हात धुवायला सांगण्याआधी मुळात हात माखणारच नाहीत अशी रचना करा, या अर्थाची शिफारस समितीने केली. त्यात जबाबदारीची जागा बदललेली आहे. हात धुणे ही पालकाची कसोटी ठरते, म्हणजे मूल आजारी पडले की आईने नीट धुतले नसतील, असे म्हणायला जागा राहते. कठडा कसा बांधायचा, हा मात्र ज्याचे फार्म आहे त्याचा प्रश्न आहे.

२०१२ मध्ये ब्रिटनमधील या व्यवसायाने स्वतःची आचारसंहिता तयार केली आणि तिच्यात हा बदललेला रोख दिसतो. जनावरे आणि खाण्याची जागा यांच्यात अंतर, पाहुण्यांना जनावरांच्या कठड्याच्या आत न सोडणे, कठड्यांची नियमित स्वच्छता, पाहुण्यांच्या वाटेवर शेण किंवा त्याचे पाणी वाहून येणार नाही अशी मांडणी, मुलांच्या उंचीला असलेली बेसिने, आणि सॅनिटायझरच्या जेलवर विसंबून न राहणे, अशा बाबी त्यात येतात. कठड्याचा खालचा भाग फळ्यांनी बंद केला की पेंढा बाहेर सांडत नाही आणि बाळाचे तोंड जनावराने घासलेल्या पट्टीपर्यंत पोहोचत नाही. सुताराचे हे काम एका दिवसाचे आहे.

ओ१५७ वरच लक्ष खिळले की इतर आजार नजरेआड होतात, म्हणून त्यांचाही धावता उल्लेख करायला हवा. कोंबडीच्या पिल्लांपासून साल्मोनेला, मेंढ्यांच्या तोंडाजवळील खपल्यांपासून हातावर उठणारा ऑर्फ हा फोडांचा विकार, वासरांपासून गजकर्ण, असे बहुतेक आजार त्रासदायक असले तरी बरे होणारे आहेत. गरोदर स्त्रियांची बाब निराळी आहे. व्यायला आलेल्या किंवा नुकत्या व्यालेल्या मेंढ्या-शेळ्या, त्यांची वार आणि नवजात कोकरे यांच्यापासून गर्भाला गंभीर धोका पोहोचवणारे जंतू येऊ शकतात, आणि त्यांतल्या क्यू फीवर या तापाच्या जंतूला तर स्पर्शाचीही गरज नाही. तो हवेतून येतो. २००७ ते २०१० या काळात नेदरलँड्समध्ये दुधासाठी पाळलेल्या शेळ्यांमुळे चार हजारांहून अधिक लोकांना क्यू फीवर झाला आणि त्यांतल्या अनेकांनी शेळीला कधी हातही लावलेला नव्हता.

फार्मवर न गेलेले रुग्ण

९३ या आकड्याची फोड केली तर ६५ जणांना थेट फार्मवर लागण झाली होती. १३ जण असे होते की ज्यांना ती आधीच्या रुग्णांकडून झाली. उरलेल्या १५ जणांना कोणतेही लक्षण नव्हते आणि केवळ तपासणी झाली म्हणून ते सापडले. शंभराहून कमी जंतू पुरतात, ही बाब गोठ्याइतकीच घरालाही लागू पडते. जुलाब झालेल्या बाळाचा लंगोट बदलणारे हात, भावंडांचे एकत्र आंघोळ करणे, एकच टॉवेल, एवढ्यावर जंतू पुढे सरकतो.

लक्षणे नसलेल्या त्या पंधरा जणांचा विचार मला अस्वस्थ करतो, कारण गावोगावच्या जंतूच्या गणतीत असे लोक एरवी कधीच येत नाहीत. त्यांची तपासणी होण्याचे काहीच कारण नसते. लहान मुलांच्या शौचातून हा जंतू आजार बरा झाल्यावरही कित्येक आठवडे पडत राहू शकतो. म्हणूनच ओ१५७ ची बाधा झालेल्या पाच वर्षांखालील मुलाला इंग्लंडमध्ये शौचाचे लागोपाठ दोन नमुने जंतुमुक्त निघेपर्यंत पाळणाघरात परत घेतले जात नाही. मूल घरभर धावत असते, पोटभर जेवत असते, शेजारच्या मुलांना खिडकीतून हाका मारत असते. आई किंवा वडील कामावर रजा टाकून बसलेले असतात आणि दर काही दिवसांनी प्रयोगशाळेकडे एक डबी पाठवतात. तिसऱ्या-चौथ्या डबीचे उत्तर ‘अजून आहे’ असे आले की पुन्हा वाट पाहणे सुरू होते.